‘काहीही चालेल’ म्हणणाऱ्या बाईला काम कसं मिळेल?

दसरा-दिवाळीच्या सुमाराला पाथर्डी, शेवगाव, जामखेड तालुक्यांतून ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या गाड्या निघतात. मुकादमानं उचल आधीच दिलेली असते. त्याच्या वहीत ‘कोयता’ अशी नोंद असते. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. पहाटेपासून उसात राबते तीही, मोळ्या बांधते तीही, डोक्यावर वाहते तीही. पण उचल नवऱ्याच्या हातात पडते आणि वहीत नाव त्याचंच असतं. कुठल्या कारखान्यावर जायचं, किती दिवस राहायचं, हे तिला कुणी विचारत नाही.

आपल्या नगर जिल्ह्यातली काम मिळवण्याची ही एक जुनी रीत. तालुक्याच्या गावात रीत थोडी वेगळी असते. कुणाचा मामा कारखान्यात असतो, कुणाचे सासरे संस्थाचालकांना ओळखतात. ‘ओळखीनं’ काम मिळतं. ती ओळख बहुतेक वेळा पुरुषांची पुरुषांशी असते. नवऱ्याला सोडून आलेल्या किंवा नवऱ्यानं टाकलेल्या बाईची पहिली अडचण हीच होते की ओळखीची ही सगळी दारं तिच्यासाठी एकाच दिवशी बंद होतात.

म्हणून काम शोधण्याच्या नव्या साधनांकडे आपण नीट पाहायला हवं. नोकरी डॉट कॉम १९९७ साली सुरू झालं. केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस हे पोर्टल २०१५ सालचं. राज्य सरकारचं महास्वयम् आहे. खाजगी ॲप तर कितीतरी. पूर्वी सेवायोजन कार्यालयात रांग लावून कार्ड काढावं लागे. त्याच कार्यालयाचं नाव आता जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असं लांबलचक झालं आहे आणि नोंदणी मोबाईलवरून होते. या पोर्टलवरच्या अर्जात पहिलाच रकाना तिच्या नावाचा असतो. पुढे तिचं शिक्षण, तिला येणारी कामं, तिचा अनुभव. मुकादमाच्या वहीपेक्षा हे नक्कीच वेगळं आहे. तरीही केंद्रावर येणाऱ्या बायकांबरोबर हे अर्ज भरायला बसलं की अडचणी कुठे येतात ते कळतं. त्यातल्या तीन अडचणींबद्दल या अंकात बोलायचं आहे.

नंबर कोणाचा?

पहिली अडचण मोबाईल नंबरची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या ३८ टक्के स्त्रियांनी कधीतरी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं. पुरुषांत हे प्रमाण ६१ टक्क्यांच्या वर होतं. ग्रामीण भागातल्या स्त्रियांत चारातली एकसुद्धा भरत नव्हती. त्यानंतर फोन वाढले आहेत, हे खरं. पण घरात फोन असणं आणि बाईकडे फोन असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नोंदणी करताना ओटीपी येतो. तो नवऱ्याच्या किंवा भावाच्या फोनवर जातो. भाऊ एम.आय.डी.सी.त दुसऱ्या पाळीला असतो आणि ओटीपीची मुदत काही मिनिटांची असते. अर्ज तिथेच अडतो. कसाबसा पुढे गेलाच तर मुलाखतीचा फोनही त्याच नंबरवर येतो. एका मैत्रिणीला आलेला असा फोन तिच्या दिरानं घेतला. ‘आमच्याकडच्या बायका नोकरी करत नाहीत,’ असं सांगून त्यानं तो बंद केला. आपल्याला बोलावणं आलं होतं, हे तिला दोन महिन्यांनी कळलं.

ई-मेलचंही तसंच. सेवा केंद्रातला मुलगा घाईत असतो. तो स्वतःचाच ई-मेल टाकून अर्ज पुढे ढकलतो. पासवर्ड त्याच्याकडे राहतो. पुढच्या भरतीच्या वेळी बाई पुन्हा त्याच्या दारात उभी राहते आणि पुन्हा पैसे मोजते.

आपल्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना १९८८ साल आठवत असेल. आपल्याच जिल्ह्यात, संगमनेरला, समता आंदोलनानं परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरवली होती. ॲड. निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या प्रश्नाला नाव मिळवून दिलं. नवऱ्यानं टाकलेल्या बाईला स्वतंत्र रेशनकार्ड मिळालं पाहिजे, ही मागणी त्या काळात महाराष्ट्रभरच्या मोर्च्यांतून होत होती. रेशनकार्डावरच्या साखर-रॉकेलपेक्षा तिथे मोठी गोष्ट होती, ती म्हणजे सरकारदरबारी बाई ‘कुणाच्या तरी घरातली’ न राहता स्वतः एक घर म्हणून मोजली जाणं. आज मोबाईल नंबर हे तसंच कार्ड झालं आहे. बँक, आधार, भरतीचा अर्ज, प्रवेशपत्र, निकाल, सगळं त्या एका नंबरावर चालतं. म्हणून कामाच्या शोधाची सुरुवात स्वतःच्या आधारवर घेतलेल्या स्वतःच्या सिमकार्डापासून करायला हवी. तोच नंबर आधारला आणि बँकेला जोडून घ्यायचा. तिच्या नावाचा ई-मेल उघडायचा आणि पासवर्ड तिच्या वहीत, तिच्या अक्षरात लिहायचा. फोन साधा, जुना, कुणी वापरून दिलेला असला तरी चालेल. नंबर मात्र तिचा हवा.

नाव कोणतं?

दुसरी अडचण नावाची. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत आणखी तिसरंच. अर्जातलं नाव आणि कागदावरचं नाव जुळलं नाही की कागदपत्रं तपासताना अडवणूक होते. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद दाखवली तर मार्ग निघतो. पण ज्या बाईचं लग्न नोंदलंच गेलं नाही आणि नवरा आता ओळख देत नाही, तिनं काय करायचं? राज्य सरकारनं १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत आईचं नाव बंधनकारक केलं. त्या निर्णयाचं आपण स्वागत केलं. पण त्या मुलांच्या आयांच्या स्वतःच्या कागदांवर दोन-दोन नावं आहेत, तो गुंता तसाच आहे.

रहिवासाचंही हेच होतं. अंगणवाडी सेविकेच्या जागेसाठी बारावी पास आणि त्याच गावची रहिवासी असणं आवश्यक असतं. माहेरी परत आलेल्या बाईचं रेशनकार्डावरचं नाव सासरीच राहिलेलं असतं. गावात जागा निघते, पात्रता असते, पण ती ‘इथली’ नाही असं ठरतं. जाहिरात आल्यावर या कागदांमागे धावून उपयोग नसतो, कारण मुदत दहा-पंधरा दिवसांची असते. म्हणून बाई केंद्रावर पहिल्यांदा येते तेव्हाच पोटगीच्या अर्जाबरोबर नाव आणि रहिवासाचे कागदही हाती घ्यायला हवेत.

नावाचीच आणखी एक गोष्ट. आपल्या जिल्ह्याचं नाव २०२४ साली अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. नोकऱ्यांच्या ॲपवर मात्र काही जाहिराती नव्या नावाखाली दिसतात, काही जुन्या. एकच नाव टाकलं तर निम्म्या जागा नजरेआड राहू शकतात. दोन्ही नावं टाकून पाहायची. तालुक्यांचंही तसंच. नेवासा इंग्रजीत ‘व्ही’नं लिहितात आणि ‘डब्ल्यू’नंही.

काम कोणतं?

तिसरी अडचण सर्वांत अवघड, कारण ती आपल्या मनातली आहे. कामाच्या शोधात आलेल्या बाईला विचारलं, ‘कसलं काम हवंय?’ की उत्तर ठरलेलं असतं, ‘काहीही चालेल ताई.’

हे उत्तर कुठून येतं ते आपल्याला माहीत आहे. लहानपणापासून ताटात पडेल ते खायचं, मिळेल ते नेसायचं, ठरेल तिथे जायचं. मागणारी बाई हावरट ठरते. गरज फार असली की तर निवड करणं हा गुन्हाच वाटतो. पण ‘काहीही’ या शब्दानं शोध घेता येत नाही. शोधाच्या रकान्यात ‘लेडीज जॉब’ लिहिलं की समोर येतं काय? घरबसल्या पेन्सिल पॅकिंग, फक्त फोनवर बोलून महिन्याला तीस हजार, अनुभवाची गरज नाही. ‘काहीही’ म्हणणाऱ्या बाईला गाठण्यासाठीच या जाहिराती लिहिलेल्या असतात.

आमच्या केंद्रावर आम्ही अर्ज उघडण्याआधी वही उघडतो आणि पाच प्रश्नांची उत्तरं लिहून घेतो.

पहिला, तुला काय काय येतं? इथे प्रमाणपत्रांच्या पलीकडचंही लिहायचं. बचत गटाचा हिशेब पाच वर्षं लिहिला, तर ते हिशेबाचं काम आहे. सासूची अंथरुणावरची शुश्रूषा केली, तर ते रुग्णसेवेचं काम आहे. शंभर माणसांचा स्वयंपाक पेलतो, सरकारी कचेरीत अर्ज घेऊन जायची भीती वाटत नाही, हेही लिहायचं. दुसरा, किती लांब जाशील? त्यासाठी एस.टी.चं वेळापत्रक समोर हवं. संध्याकाळची शेवटची गाडी किती वाजता आहे, यावर कितीतरी नोकऱ्या ठरतात. तिसरा, किती ते किती वाजेपर्यंत? मूल कोण सांभाळणार? चौथा, हातात किती पगार यायला हवा? प्रवासभाडं आणि मुलाच्या सांभाळाचे पैसे वजा करून. पाचवा, काय करणार नाहीस? या प्रश्नाला बायका आधी हसतात आणि मग बराच वेळ बोलतात.

राहुरी तालुक्यातली एक मैत्रीण बी.कॉम. झालेली, लग्नानंतर आठ वर्षं घरी. तिचंही पहिलं उत्तर ‘काहीही’ होतं. वहीत मात्र उतरलं की गटाची खजिनदार म्हणून बँकेचे सगळे व्यवहार तिनं केले आहेत, मुलगा साडेपाचला शाळेतून येतो आणि तिला राहुरी, नगर किंवा श्रीरामपूर एवढंच जमेल. मग शोधाचे शब्द ठरले. अकाउंट असिस्टंट, टॅली, बिलिंग, आणि ही तीन गावं. टॅली विसरली होती, तिनं एका महिन्यात उजळणी केली. ॲपवर त्या शब्दांचा अलर्ट लावला, म्हणजे तशी जागा निघाली की फोनवर सूचना येते. वीस ठिकाणी एकच अर्ज पाठवण्याऐवजी जिथे काम जुळतं अशा सहा ठिकाणी तिनं जाहिरात वाचून, त्यात मागितलेल्या गोष्टी आपल्या माहितीपत्रात वर आणून अर्ज केले. आठ वर्षांच्या खंडाबद्दल विचारतील, याची तयारी केली. ‘घरी होते’ असं न म्हणता ‘त्या काळात बचत गटाचे हिशेब सांभाळत होते,’ असं सांगितलं, कारण ते खरंच होतं. तिसऱ्या महिन्यात एका शेती अवजारांच्या दुकानात हिशेबाचं काम मिळालं. पगार फार नाही. पण वेळ तिची आहे आणि काम तिनं ठरवलेलं आहे.

शोध कुठे घ्यायचा, हेही आखून घेता येतं. सगळं इंटरनेट पिंजत बसण्यापेक्षा आपल्या जिल्ह्यात माणसं नेमणाऱ्या दहा ठिकाणांची यादी करावी आणि आठवड्यातून दोन दिवस त्यांची संकेतस्थळं पाहावीत. जिल्हा परिषद, महानगरपालिका, राष्ट्रीय आरोग्य अभियानाची कंत्राटी भरती, राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ, शिर्डीचं साईबाबा संस्थान, लोणी-प्रवरानगरच्या संस्था, रयत शिक्षण संस्था, सुपा, नागापूर आणि श्रीरामपूरच्या एम.आय.डी.सी.तले कारखाने. सरकारी भरतीत स्त्रियांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे. १९९४ च्या महिला धोरणाबरोबर आलेला हा हक्क आहे, अर्जात तो मागावा लागतो. खुल्या प्रवर्गातल्या स्त्रियांना त्यासाठी लागणारी नॉन-क्रीमीलेअर दाखल्याची अट २०२३ मध्ये निघाली, हे अजून पुष्कळजणींना माहीत नाही. शिक्षकभरती पवित्र पोर्टलवरून होते. महात्मा फुले १८४८ साली याच नगरच्या मिशनच्या मुलींच्या शाळा पाहून गेले आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे सिंथिया फरार यांच्याकडे इथेच घेतले, असं आपण अभिमानानं सांगतो. त्या गावच्या डी.एड. झालेल्या मुलींना पोर्टलवर पसंतीक्रम भरण्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून राहावं लागू नये, एवढं तर आपण पाहू शकतो.

धोका ओळखताना

नोकरी देण्यासाठी पैसे मागणारा माणूस नोकरी देत नसतो. नोंदणी फी, गणवेशाची रक्कम, लॅपटॉपची अनामत, नाव काहीही असो. नॅशनल करिअर सर्व्हिस आणि महास्वयम् यांच्यावर नोंदणीला पैसे पडत नाहीत. अशा ठिकाणी पैसे गेलेच तर लाजेनं गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर लगेच, शक्यतो पहिल्या काही तासांत, तक्रार करावी. आधारचे, बँकेच्या पासबुकाचे फोटो व्हॉट्सॲपवर अनोळखी माणसाला पाठवू नयेत.

मुलाखत लॉजवर, घरी किंवा रात्री बोलावली तर जायचं नाही. कार्यालयात बोलावली तरी पहिल्या वेळी सोबत कुणीतरी असावं. मुलाखतीला गेलेली बाई त्या कार्यालयाची कर्मचारी नसली तरी लैंगिक छळाविरोधातला २०१३ चा कायदा तिलाही लागू होतो. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. ‘लग्न झालंय का? मूल होऊ द्यायचंय का?’ असे प्रश्न सर्रास विचारले जातात. त्यांचं उत्तर देण्याचं बंधन कुणावरही नाही. सारख्याच कामासाठी स्त्री म्हणून भरतीत डावलायचं नाही, हे पूर्वी १९७६ च्या समान वेतन कायद्यात होतं आणि आता वेतन संहितेत आहे.

आपलं काम कोणतं?

हे सगळं एकेकट्या बाईवर सोडून चालणार नाही. ‘नेटवर सगळं आहे, शोधा म्हणजे सापडेल’ असं हल्ली सगळीकडे सांगितलं जातं. मिळालं नाही की दोष तिच्यावर येतो, तिनं नीट शोधलं नाही म्हणून. जामखेड-कर्जतच्या एखाद्या गावात काम नसेलच तर कितीही चांगला शोध ते निर्माण करू शकत नाही. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रानं १९७७ साली केला तो याच जाणिवेतून की काम शोधणं माणसाचं असलं तरी काम पुरवण्याची जबाबदारी सरकारची आहे. २०२४ साली आलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत सहा महिन्यांसाठी शिक्षणानुसार दरमहा ६, ८ आणि १० हजार रुपये विद्यावेतन ठरलं होतं. अनेक मुली त्यात गेल्या. पण मुदत संपल्यावर काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिलाच. प्रशिक्षणाला नोकरी समजण्याची गल्लत आपण होऊ देता कामा नये.

तरीही नीट घेतलेल्या शोधाचा एक मोठा उपयोग आहे आणि तो चळवळीचा उपयोग आहे. पन्नास जणींच्या वह्या एकत्र ठेवल्या की दिसतं, इतक्याजणींनी सुप्याची नोकरी सोडून दिली कारण पाळी सुटल्यावर गाडी नाही. इतक्याजणी तालुक्याच्या गावी काम करू शकतात, पण पाळणाघर नाही. इतक्याजणींचे अर्ज केवळ नावातल्या फरकामुळे बाद झाले. ‘काहीही चालेल’ म्हणणाऱ्या पन्नास बायकांतून एकही मागणी तयार होत नाही. ‘मला हे काम, इतक्या अंतरावर, या वेळेत हवं आहे’ असं म्हणणाऱ्या पन्नास बायका एस.टी.च्या आगारप्रमुखाकडे, जिल्हा परिषदेकडे, कारखान्याच्या व्यवस्थापकाकडे जाऊन नेमकं काहीतरी मागू शकतात.

आणि मैत्रिणींनो, हे आपल्यालाही लागू आहे. आपण बायकांच्या कामाच्या हक्काबद्दल बोलतो आणि आपल्यातल्या कितीतरीजणी तीन वर्षांच्या प्रकल्पावर, मानधनावर काम करतात. प्रकल्प संपला की एम.एस.डब्ल्यू. झालेली कार्यकर्तीसुद्धा घाबऱ्याघुबऱ्या म्हणते, ‘काहीही असेल तर सांगा.’ तिनंही आपली वही उघडायला हवी. समुपदेशन, कोर्टकचेरी, प्रशिक्षण, नोंदी ठेवणं, ही सगळी कौशल्यं आहेत. आपल्या संघटनांनीही जागा भरताना पगार, कामाचे तास आणि मुदत जाहिरातीत स्पष्ट लिहावी. ‘मानधन योग्यतेनुसार’ हे शब्द निदान आपण तरी वापरू नयेत.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक केंद्रानं आठवड्यातली एक दुपार कामाच्या शोधासाठी राखून ठेवावी. एक फोन, एक वही, अर्ज भरता येणारी एक मुलगी आणि एस.टी.चं वेळापत्रक एवढं पुरे. बाईची पहिली नोंद करतानाच चार प्रश्न वाढवावेत. नंबर तुझा आहे का? कागदांवर नाव एक आहे का? रहिवासाचा दाखला कुठला आहे? आणि तुला कोणतं काम करावंसं वाटतं? शेवटच्या प्रश्नाला ‘काहीही’ असं उत्तर आलं तर ते लिहून घेऊ नये. थोडं थांबावं, पुन्हा विचारावं.

तुमच्या भागात हे करून पाहिलंत तर काय जमलं, कुठे अडलं, ते आम्हाला जरूर लिहा. पुढच्या अंकात तुमची पत्रं छापू.

संपादक मंडळाच्या वतीने